भागीदार म्हणायचे आणि हिशेब दाखवायचा नाही

कामठ्याचा मुलगा नागपूरला जाऊन पाठीवर खाण्याच्या पार्सलची पिशवी लावतो, तेव्हा ॲप त्याला ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हणते. पार्टनर म्हणजे भागीदार. १९३२ च्या भागीदारी कायद्याने भागीदाराला वह्या तपासायचा हक्क दिला आहे. आपल्या फिकहमध्येही शिरकत असेल तर नफ्याचा वाटा आधी ठरावा लागतो, आणि मजुरीचा करार, म्हणजे इजारा असेल तर मजुरी किती हे आधी माहीत असावे लागते. या मुलाकडे वाटाही नाही आणि ठरलेली मजुरीही नाही. फेरीचा दर आज एक, उद्या दुसरा. का, हे विचारायला समोर माणूसच नाही.

तंत्रज्ञान नवे, म्हणून जुने कायदे लागू पडत नाहीत, असे सांगतात. बिडीवर जगलेल्या गोंदिया-भंडाऱ्याने तरी हे ऐकून घेऊ नये. मजूर हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो, नगावर पैसे घेतो, मग तो कामगार कसा, हा युक्तिवाद नागपूरच्या बिडी कारखान्याच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने तो फेटाळला. खराब बिडी नाकारायचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे ताबाही त्याचाच. आजचे स्टार रेटिंग दुसरे काय आहे? बिडी नाकारणारा मुनीम निदान दिसत तरी होता! पुढे १९६६ च्या कायद्याने घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगार मानली, मध्ये ठेकेदार असला तरी.

आता उलटी चाल पाहा. कंपनी कायदा २०१३ चे कलम १६६ संचालकांना कर्मचाऱ्यांचेही हित पाहायला सांगते. मुलाला कर्मचारीच म्हटले नाही, की तो त्या यादीतून आपोआप गळतो. एका शब्दाने केवढी बचत! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता कंपनीकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के निधी घेते, तोही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत. आणि व्याख्या करताना मात्र गिग कामगाराला मालक-नोकर नात्याच्या बाहेरच उभे करते. मदत द्यायची, हक्क नाही. सदका आणि मजुरी यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

खरेच भागीदार असेल तर दर ठरवणारे सूत्र त्याला दाखवा. नसेल तर १६६ च्या यादीत त्याचे नाव घाला, आणि आयडी बंद करण्याआधी लेखी कारण द्या, संचालकाच्या सहीने.