नशेची गोळी आणि आईचा गुडघा

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधाच बदलला. घरी सोडताना हातात आठ औषधांची यादी मिळाली. त्यातल्या एका नावावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले: ट्रॅमाडॉल अधिक पॅरासिटामॉल.

शेजारच्या काकूंनी पाकिटावरची लाल चौकट बघून निकाल दिला, "अहो, ही नशेची गोळी! सवय लागते हिची." झालं! आई म्हणाली, "मी सोसेन, पण ती नको." माझं म्हणणं, "अगं, डॉक्टरांनी दिलीये ना, मग घे की गपचूप." आम्ही दोघंही चुकत होतो, हे कळायला चार दिवस लागले.

आधी आईची चूक. ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातकुळीतलं, फक्त कारखान्यात बनवलेलं. तेव्हा भीती अगदीच हवेतली नाही. मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे. ती लाल चौकट त्याचीच, आणि केमिस्टला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. २०१८ साली ते अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. अमेरिकेत १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं ते 'याची सवय फारशी लागत नाही' अशा प्रचारासकट. त्याचे परिणाम तो देश अजून भोगतोय.

पण ऑपरेशननंतर थोडे दिवस, ठरलेल्या डोसात, डॉक्टरांच्या नजरेखाली घेणं ही वेगळी गोष्ट. आई गोळी टाळत होती आणि फिजिओथेरपिस्टने गुडघा वाकवायला सांगितला की ओरडत होती. सुरुवातीच्या आठवड्यांत व्यायाम चुकला तर नवा सांधा आखडतो. लाखो रुपये खर्चून ताठ पाय मिळवायचा, तोही नशेच्या भीतीने!

हीच भीती कॅन्सरच्या घरांत फार क्रूर होते. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला. तरी "मॉर्फिन म्हणजे शेवट" म्हणून रुग्णाला तळमळत ठेवणारे नातेवाईक भेटतातच. कायदा सैल झाला, आपलं मन नाही.

आता माझी चूक, आणि ती जास्त धोक्याची होती. चौथ्या दिवशी आई कशीबशी राजी झाली. गोळी हातात दिली आणि ती सहज म्हणाली, "रात्रीची झोपेची घेतली तर चालेल ना रे यावर?"

कुठली झोपेची? तर बाबा गेल्यापासून आई रोज अल्प्राझोलामची गोळी घेते. ती दिली आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी. सर्जनच्या कागदावर तिचं नाव नाही, कारण "इतर काही औषधं?" या प्रश्नाला मीच "बीपीची फक्त" असं उत्तर दिलं होतं. ओपिऑइड आणि ही झोपेची गोळी, दोन्ही मेंदूला मंद करतात. एकत्र आल्या तर श्वासच मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये या जोडीबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. वर मी 'साधीच तर आहे' म्हणून तिला पॅरासिटामॉल वेगळं देत होतो. ट्रॅमाडॉलच्या गोळीत ते आधीच होतं. ती सुरू झाली असती तर डबल डोस, आणि त्याचा भार लिव्हरवर.

गोळी परत घेतली आणि सर्जनना फोन लावला. ते कॉलनीतल्या डॉक्टरांशी बोलले. झोपेची गोळी अचानक बंद करायची नाही, ट्रॅमाडॉलचा डोस कमी, दोन्हींच्या वेळा ठरवून दिल्या, जादा पॅरासिटामॉल बंद. मला म्हणाले, "फार गुंगीत वाटल्या, हाक मारून उठल्या नाहीत, श्वास हळू झाला, तर वाट बघू नका. सरळ १०८."

आमच्या धंद्यात याला इंटिग्रेशन बग म्हणतात. दोन्ही मोड्यूल आपापल्या जागी बरोबर, एकत्र चालवली की सिस्टिम झोपते. "डॉक्टरांना सगळं माहीत असतं" हे म्हणूनच मला पटत नाही. प्रत्येक डॉक्टरला त्याचा कागद दिसतो. सगळ्या गोळ्या एकत्र दिसतात त्या फक्त घरातल्या डब्यात. म्हणून माझं मत असं, की ही यादी करणं हे पेशंटच्या घरच्यांचं काम आहे. झोपेची, डिप्रेशनची (ट्रॅमाडॉलचं यांच्याशीही वाकडं), सर्दीखोकल्याची, आणि हो, संध्याकाळचा पेग. लाजून लपवायचं नाही काही.

आम्ही मग फ्रिजवर कागद लावला. गोळी, वेळ, कोणी दिली. बद्धकोष्ठ होतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्याचं औषध सोबत चालू. आईने व्यायामाआधी गोळी घेतली, गुडघा वाकवला, दुखणं कमी झालं तशी डॉक्टरांना विचारून थांबवली. नशा वगैरे काही नाही. काकूंना अजून पटलेलं नाही, ते सोडा.

राहिल्या सहा गोळ्या. महिन्याभराने माझी पाठ धरली आणि हात आपोआप त्या ड्रॉवरकडे गेला. शुक्रवार होता, संध्याकाळी टीमबरोबर बिअर ठरलेली. एवढं सगळं होऊनसुद्धा! केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये घरात ठेवू नयेत आणि सरळ फ्लश कराव्यात अशा १७ औषधांची यादी काढली, त्यात ट्रॅमाडॉल आहे. गोळ्या फ्लश केल्या आणि पाठ शेकत बसलो.

असो. आज शनिवार आहे, आईबाबांकडे फोन कराल तेव्हा एवढं विचारा, "रात्री कुठली गोळी घेता?" आमच्या घरी हा प्रश्न मी विचारायला हवा होता, विचारला आईने.