उसनी जीभ

आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मोठे मिस्कील गृहस्थ आहेत. परवा चहाच्या वेळी त्यांनी एक छायाचित्र माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, “घ्या, हा तुमच्या विषयातला मासा!”

माशाने आ वासला होता आणि जिभेच्या जागी एक पांढुरका किडा ऐसपैस बसून माझ्याकडे पाहत होता! हातातला वडा मी मुकाट्याने बशीत ठेवला.

मासा मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला. तळाच्या खडकांच्या आसऱ्याने राहणारा, ठिपक्याचा स्नॅपर. आपल्या तांबोशीचा भाऊबंदच म्हणा ना! परोपजीवी किड्याचे नाव सायमोथोआ एक्झिग्वा, कूळ खेकडा-कोळंबीचे. पिल्लू कल्ल्यांतून आत शिरते. आधी ते नर असते. पुढे त्यांतल्याच एखाद्याची मादी होते. ही इंचभर मादी जिभेच्या मुळाशी पाय रोवते आणि रक्त शोषू लागते. जीभ हळूहळू झडते. उरलेला खुंट धरून बाई तेथेच ठाण मांडतात.

खरे नवल पुढेच आहे. १९८३ साली ब्रुस्का आणि गिलिगन या संशोधकांनी लिहिले, की मासा या किड्यालाच जीभ म्हणून वापरतो. भक्ष्य त्याच्या पाठीवर धरून टाळूच्या दातांवर दाबतो.

“म्हणजे बिचारा उपाशी राहत नाही?” मी विचारले.

“छे! व्यवस्थित जेवतो,” प्राध्यापक म्हणाले.

त्याच रात्री मालवणहून आईचा फोन आला. सवयीप्रमाणे मी विचारले, “तुझी प्रकृती कशी आहे?”

“मेल्या, आयशीवांगडा तरी सरळ बोल मां!”

मी चपापलो. ज्या शुद्ध भाषेवर वीस वर्षे माझी चूल पेटली, तिला किडा म्हणण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. तिनेच मला जेवू घातले. पण आईला द्यायचे उत्तर मी तोंडात शोधू लागलो, तेव्हा तेथे खुंट तेवढा हाती लागला.

“बरी आसंस मां, आये?” मी चाचरत म्हणालो.

पलीकडे आई खळखळून हसली. माझा हेल चुकला होता म्हणे. मराठीच्या या प्राध्यापकाकडून तिने ते वाक्य तीनदा म्हणवून घेतले.