परमुलखात आपलं पान



पूर्वी जहाजाच्या कप्तानाजवळ एक वही असे. आज वारा कसा होता, जहाज किती चाललं, हे तो रोज लिहून ठेवी. इंग्रजीत तिला 'लॉग' म्हणतात. त्यावरूनच १९९७ साली जॉर्न बार्गर या अमेरिकन माणसाने इंटरनेटवरच्या आपल्या नोंदींना 'वेबलॉग' म्हटलं. दोन वर्षांत त्याचं झालं 'ब्लॉग'! १९९९ मध्येच 'ब्लॉगर' नावाची सोय निघाली. छापखाना नको, संपादक नको. कुणीही आपलं पान लिहावं आणि जगाने वाचावं.

परदेशी गेलेल्या मराठी माणसांना हे पान जवळचं वाटलं. का बरं? घर दूर गेलं की लिहावंसं वाटतंच. आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. तिथून त्यांनी लिहिलेली पत्रं जपली गेली, म्हणून तर काशीबाई कानिटकरांना त्यांचं चरित्र लिहिताना ती उपयोगी पडली. फरक इतकाच, की पत्र एका घरी जातं आणि ब्लॉग सगळ्यांच्या घरी!

पण मोठी अडचण होती अक्षरांची. मराठी टंक बनवणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब निराळा. तुमच्याकडे तोच टंक नसेल, तर पडद्यावर नुसता गिचमिड काला दिसायचा. मग काहीजण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. पण त्यात 'काल' आणि 'काळ' सारखेच दिसतात. आता 'काल आला' वाचायचं की 'काळ आला'?

यावर उपाय निघाला युनिकोडचा. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक. 'ल' २३५४, 'ळ' २३५५. 'ध' म्हणजे २३४३. तो धामणगाव बढेला लिहा की लंडनला, क्रमांक तोच. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय घरोघरच्या संगणकांत येऊ लागली आणि दूरदेशीचे लोक सरळ मराठीत लिहू लागले.

पान लिहिता लिहिता खटपटही होतेच. इंटरनेटचं पान खुणांनी बांधलेलं असतं. अक्षर जाड करायची खूण दिली आणि ती बंद करायला विसरलं, की पुढचं सगळं पान जाडजूड! मग चूक शोधायची, सुधारायची. असं करता करता कितीतरी जण संगणकाचं काम घरबसल्या शिकले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. 'जिओसिटीज' या अमेरिकन सेवेवर लाखो लोकांनी हौसेने पानं केली होती. २००९ साली तिने तिथलं दुकान बंद केलं. ज्यांनी प्रत ठेवली नव्हती, त्यातल्या पुष्कळांचं लेखन गेलं. म्हणून आपल्या लिखाणाची एक प्रत आपल्याजवळ हवीच.

तुम्हाला परदेशी जायची गरज नाही, बरं का! या रविवारी वहीत दहा ओळी लिहा. कापूस वेचताना आजी काय बोलते, पोळ्याला बैलाच्या अंगावर काय काय चढवता, तुमच्या घरी कोणता शब्द वेगळा बोलतात. आजीचा शब्द तिच्याच बोलीत लिहा, पुस्तकी करू नका. पुढे आई-बाबांना विचारून, त्यांच्या समोरच ते पान इंटरनेटवर न्या. पण घरचा पत्ता, शाळेचं नाव, फोन नंबर त्यावर घालायचा नाही.

दूर कुठेतरी बर्फात बसलेला एखादा वऱ्हाडी माणूस ते वाचेल, आणि त्याला त्याची आजी आठवेल.