मावळतीचा सूर्य आणि माझी चूक

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात दादरच्या चौपाटीवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तोही शिक्षक आहे. बरोबर त्याची दहा वर्षांची लेक होती. समोर शेंदरी, परातीएवढा सूर्य समुद्राला टेकत होता.

"बाबा, हा एवढा मोठा कसा झाला?" तिने विचारले.

"हवा भिंगासारखी असते ना, तिच्यातून मोठा दिसतो," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळून हसला, "सरांनीच शिकवलंय!"

मीही मान डोलावली. पोरगी म्हणाली, "तुम्ही मोजला होता, आजोबा?"

मोजला नव्हता! तीस वर्षे वर्गात ठासून सांगितले, पण मोजला मात्र कधीच नव्हता.

सूर्याकडे टक लावून मोजमाप करणे डोळ्यांना घातक. म्हणून मी कोजागिरीची वाट पाहिली; कारण उगवता चंद्रही असाच मोठा भासतो. एका पोस्टकार्डाला पंचने भोक पाडले, हात ताठ धरून त्यातून पाहिले. समोरच्या इमारतींवर आलेला तो थोरला चंद्र भोकात जेमतेम मावला. मध्यरात्री आटीव दूध घेऊन गच्चीवर गेलो. चंद्र डोक्यावर आला होता, लहानसा दिसत होता. पुन्हा कार्ड धरले. तो तसाच, तेवढाच, जेमतेम मावला!

सूर्याचेही तेच. दुपार असो की संध्याकाळ, आकाशात तो सुमारे अर्धा अंशच जागा व्यापतो. उलट क्षितिजावर हवा त्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलते. त्यामुळे त्याची उंची सुमारे एक षष्ठांशाने घटते आणि तो चपटा दिसतो. म्हणजे ज्याला आपण फुगलेला म्हणतो, तो खरे तर दबलेला असतो. इतकेच नव्हे, तो समुद्राला टेकलेला दिसतो तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाही असतो!

मग मोठा वाटतो तो का? फसते ती आपली नजर. झाडे, घरे, गलबते यांच्या पलीकडचे क्षितिज आपल्याला डोक्यावरच्या आकाशापेक्षा दूर वाटते, आणि दूरची वस्तू तेवढीच दिसली की मन तिला मोठी ठरवते. यावर शास्त्रज्ञांचे अजून पूर्ण एकमत नाही. पण हवेचे भिंग हे कारण नव्हे, हे नक्की. दुसऱ्या शतकात टॉलेमीसारख्या ज्योतिषाचार्यानेही दोष हवेतल्या वाफेलाच दिला होता, एवढेच काय ते माझे समाधान.

रंगाच्या बाबतीत मात्र हवाच जबाबदार आहे. १८७१ साली लॉर्ड रॅले यांनी दाखवले, की हवेचे कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. संध्याकाळी किरणांना दुपारच्या तीसपटींहून अधिक हवा ओलांडावी लागते. निळा वाटेतच विखुरतो, तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याच्या धुळीने दूर युरोपातल्या संध्याकाळीसुद्धा लालभडक केल्या होत्या. सूर्य स्वतः मात्र रंग बदलत नाही. आपल्याकडे तो लाल होऊन बुडतो, त्याच वेळी आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, डाकारला, भर दुपारी पांढराशुभ्र तळपत असतो.

दुसऱ्या दिवशी त्याच भोकाच्या कार्डावर मी माझ्या विद्यार्थ्याला लिहिले, "तुझ्या सरांचे चुकले. वर्गात मुलांना तसे सांग, आणि हे कार्ड त्यांच्या हाती दे. येत्या पौर्णिमेला ती स्वतःच मोजतील." माझे बाकीचे विद्यार्थी आता कुठे कुठे असतील, कुणास ठाऊक. त्यांच्यापैकी कोणी हे पान वाचत असेल, तर हेच पत्र त्यांनाही आहे.