ओपनिंगला कोण? सराव सामन्यावर नका ठरवू, राव!

शनिवारपासून, म्हणजे १ नोव्हेंबरपासून गोल्फ क्लबवर (हो, नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण आपण सगळे गोल्फ क्लबच म्हणतो) महाराष्ट्र विरुद्ध सौराष्ट्र रणजी सामना आहे. कॉलेज रोडच्या प्रत्येक कट्ट्यावर सध्या एकच वाद चालू आहे. ओपनिंगला कोण? पृथ्वी शॉ तर आहेच, पण दुसरा अर्शीन कुलकर्णी की आपला रुतु?

वाद पेटला तो ७ ऑक्टोबरला. मोसमाआधी गहुंजेला मुंबईविरुद्ध तीन दिवसांचा सराव सामना झाला. शॉने १८१ ठोकल्या, अर्शीनने १८६, आणि दोघांची सलामी ३०५ धावांची! शॉ आणि मुशीर खानची बाचाबाची बातम्यांत जास्त गाजली, ते सोडा. पण त्या दिवशी सगळ्यांनी ठरवून टाकलं की प्रश्न मिटला, ओपनर मिळाले.

आणि मग आठच दिवसांनी तिरुवनंतपुरम. केरळविरुद्ध पहिला रणजी सामना, नवा चेंडू, समोर निधीश. शॉ शून्य, अर्शीन शून्य, सिद्धेश वीर शून्य, कप्तान अंकित बावणे शून्य. ५ बाद १८! ज्यांनी स्कोअर मोबाइलवर बघितला त्यांना आधी ॲपच बिघडलंय असं वाटलं असेल. पाचव्या नंबरवर आलेल्या ऋतुराज गायकवाडने ९१ आणि जलज सक्सेनाने ४९ केल्या म्हणून २३९ पर्यंत तरी पोहोचलो. शेवटी पहिल्या डावाची आघाडीही मिळाली.

आता यावरून लगेच ‘अर्शीनला काढा, रुतुला वर आणा’ सुरू झालं. मला हे पटत नाही. रुतु चेन्नईसाठी ओपन करतो म्हणून लाल चेंडूवरही त्यानेच करावं, हे आयपीएलचं गणित झालं. तो खाली होता म्हणूनच त्या दिवशी डाव सावरला. चंदीगडमध्येही पहिल्या डावात ११६ त्याच्याच. चालू गाडीचं चाक काढून दुसरीकडे कशाला लावायचं?

अमेरिकन फुटबॉल बघणारे माझे एक-दोन मित्र आहेत (नाशिकमध्ये तेवढेच असतील). तिकडे दर उन्हाळ्यात ट्रेनिंग कॅम्पमध्ये क्वार्टरबॅकच्या जागेसाठी मारामारी असते. जागा एकच, त्यामुळे सरावातल्या एकेका थ्रोवर चाहते भांडतात. पण कॅम्पमध्ये क्वार्टरबॅकला धडक द्यायला सहसा मनाईच असते. मग त्या सरावात चमकलेला खऱ्या मॅचला, अंगावर माणसं आल्यावर टिकेलच असं कुणी सांगावं? आपलंही तेच. आपल्या कॅम्पने तपासायला हवं ते वेगळंच: दमट सकाळ, नवाकोरा एसजी चेंडू, पहिली दहा षटकं. त्यात किती वेळा बाद झाला, किती चेंडू सोडले. दोनशे धावा झाल्यावर मारलेल्या षटकारांनी ओपनर ठरत नाही.

शॉबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. २०१८ मध्ये पदार्पणाच्या कसोटीत शतक करणारा पोरगा, २०२४ मध्ये मुंबईने रणजी संघातून वगळला, आयपीएलच्या लिलावातही कुणी घेतला नाही. महाराष्ट्राने त्याला जागा दिली. त्याने बुचीबाबूत शतक केलं, केरळविरुद्ध दुसऱ्या डावात ७५ आणि परवा चंदीगडला १५६ चेंडूंत २२२. सामना १४४ धावांनी जिंकला. याच्याबद्दल वाद घालणाऱ्याने चहाचे पैसे द्यावेत.

खरी धाकधूक दुसऱ्या जागेची. अर्शीन सोलापूरचा, विशीतला. त्याला दोन अपयशांवर काढणं म्हणजे २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये शतक करणाऱ्या पोराला सांगणं की तू फक्त सरावाचा हिरो. त्याला या मोसमातले निदान सलग चार सामने द्या. पण त्याच वेळी खालच्या रांगेत कोण उभं आहे तेही बघा. आपल्या नाशिकच्या साहिल पारखने सप्टेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीला ऑस्ट्रेलियाच्या अंडर-१९ संघाविरुद्ध ७५ चेंडूंत नाबाद १०९ केल्या होत्या. डावखुरा ओपनर. जिल्ह्यातून आलेल्या अशा पोराला नक्की किती धावा, कुठल्या स्पर्धेत केल्या की रणजीचं दार उघडेल, हे आधी कळायला नको का? बाहेरून शॉ आला, जलज आला, संघ तगडा झाला, छानच. जलजकडून तर तरुण स्पिनरांनी शिकण्यासारखं खूप आहे. पण पाहुण्याने घेतलेली प्रत्येक जागा कुठल्यातरी जिल्ह्याच्या पोराची असते. त्याला ‘थांब’ म्हणताना कधीपर्यंत, तेही सांगा. निवडीचे निकष मोसमाआधीच जाहीर केले तर कट्ट्यावरची अर्धी भांडणं मिटतील. (थोडी राहू द्या, नाहीतर आम्ही बोलायचं काय?)

शनिवारी सकाळी लवकर या. समोर जयदेव उनाडकट आहे, नवा चेंडू आहे. आपला रामकृष्ण घोषही संघात आहे, त्याच्या नावाने ओरडायला घसा शाबूत ठेवा. आणि अर्शीन पहिल्या चेंडूवर बीट झाला तर लगेच ‘रुतु, रुतु’ सुरू करू नका.