पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्यातल्या सर्वांत महागड्या घोड्याचे छायाचित्र दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते. घासूनपुसून चमकवलेले अंग, आयाळीला गोंडे, गळ्यात माळा आणि शेजारी लाखांतला आकडा. जाणकार गिऱ्हाईक गोंड्यांकडे पाहत नाही. तो घोड्याचा पुढचा पाय उचलायला लावतो, तळवा निरखतो आणि मग पाठीवरून सावकाश हात फिरवतो. मालकाने जनावर कसे सांभाळले, ते या दोन जागा सांगतात. भाड्याने फिरणाऱ्या घोड्यांच्या नेमक्या याच दोन जागा आज महाराष्ट्रात सर्वाधिक दुर्लक्षित आहेत.

हे राज्य घोड्यांच्या टापांवर उभे राहिले, हे वाक्य भाषणात टाळ्या घेते. त्या टापा कोण सांभाळत होते, याची मात्र चर्चा होत नाही. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी नेमलेला असे. खूर आणि पाणी या दोन गोष्टी स्वाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. लष्कराच्या रचनेतच त्यांची सोय होती. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना राज्याभिषेकाच्या सुमारास धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या काडीलाही हात लावू नका ही त्यातली ताकीद सर्वांना ठाऊक असते. पण त्याच पत्रात दाणावैरण आताच उधळू नका, पावसाळाभर पुरवा, नाहीतर घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, हा हिशेबही आहे. आगट्या आणि दिवे सांभाळा, उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजी जळतील, इथपर्यंत बारकाई आहे. घोड्याची निगा हा राज्यकारभाराचा विषय होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

आज ही निगा एकट्या घोडेवाल्याच्या अंगावर पडली आहे. तिची सुरुवात खराऱ्याने होते, आणि खरारा म्हणजे घोड्याची आंघोळ किंवा शृंगार नव्हे. चांगला मोतद्दार मानेपासून सुरू करतो. एका हाताने खरारा गोल फिरवत मेलेले केस आणि वाळलेला घाम सुटा करतो, दुसरा हात मोकळा ठेवून मागोमाग कातडीवरून नेतो. जिथे खोगीर बसते तिथे तो थांबतो. तिथे ऊब जास्त लागली, बोटाखाली फुगवटा आला किंवा घोड्याने कातडी थरथरवून कान मागे पाडले, तर त्या दिवशी खोगीर चढत नाही. गुडघे, नळ्या आणि तोंडावर लोखंडी खरारा चालवत नाहीत, कारण तिथे हाडावर मांस नसते. तिथे मऊ ब्रश किंवा फडके वापरतात. नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसतात. हे सगळे नीट केले तर अर्धा तास सहज जातो आणि त्या अर्ध्या तासात घोड्याची रोजची तपासणी होऊन जाते.

घोड्यालाही हे आवडते. फ्रान्समधल्या कामार्ग भागातल्या घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. घोडे एकमेकांना जिथे दातांनी खाजवतात, त्या मानेच्या मुळाशी, पाठ सुरू होते तिथे माणसाने खाजवले, तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात दिसले. त्याच जागेला लागून खोगिराची कमान बसते. खोगीर बेताचे नसेल, आतली भरती चेपली असेल, तर सगळा भार तिथल्या हाडावर येतो आणि पाठ लागते. जखम भरली तरी खूण राहते. तपकिरी किंवा काळ्या घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले की समजावे, इथे कधीतरी कातडी खोलवर दुखावली होती.

यावर कायदा आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये नियम केले. खोगिराची कमान आणि पाठीचा उंचवटा यांत पुरेशी मोकळी जागा हवी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. काटेरी लगामाला बंदी आहे. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवावे लागते. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. साठ वर्षांपूर्वी केलेले हे नियम आजही पुरेसे आहेत. एप्रिल-मेच्या लग्नसराईत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभ्या केलेल्या नवरदेवाच्या घोडीला त्यांतला एकही लागू होताना दिसत नाही.

खुराचे दुखणे आणखी लपलेले असते. खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. म्हणून दीड-दोन महिन्यांनी नाल काढून, खूर तासून, नाल पुन्हा बसवावी लागते. हे लांबले की टाचेचा कोन बिघडतो आणि त्याचा ताण नळीमागच्या शिरांवर येतो. रोज आकडीने तळव्यातली माती आणि खडे काढले नाहीत, तर मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत ओल साचते. काळपट घाण सुटते, कुजका वास येतो. खिळ्याने किंवा काचेने झालेली बारीकशी जखम तर फारच धोक्याची, कारण धनुर्वाताला घोडा अतिशय लवकर बळी पडतो. वेळेवर दिलेली लस त्याला वाचवू शकते.

माथेरानमध्ये हे सगळे प्रश्न एकत्र भेटतात. तिथे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे पर्यटकांची वाहतूक घोड्यांवर आणि हातरिक्षांवर चालत आली. २०२२ च्या अखेरीपासून ई-रिक्षाही आल्या. रस्त्यावर क्ले पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोडेवाल्यांचे म्हणणे साधे होते: नाल मारलेला घोडा ओल्या ब्लॉकवर घसरतो. हे म्हणणे ऐकून घ्यायला हवे होते, कारण लाल मातीच्या चढावर घोड्याचा पाय कसा पडतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. पण घोड्याच्या पायाची काळजी रस्त्यापाशी संपत नाही. तो पाय दीड महिन्याने कोण उचलणार आणि त्याचे पैसे कोण देणार, यावर एवढा वाद कधी झाला नाही.

घोडेवाल्याला निर्दयी ठरवणे सोपे आहे आणि बहुतेक वेळा चुकीचे आहे. त्याची कमाई शनिवार-रविवारची आणि सुट्ट्यांची. घोड्याचे पोट मात्र रोजचे. घोड्याचे जठर लहान असते, त्याला थोडे थोडे आणि सतत चरावे लागते. वैरण कमी आणि हरभऱ्याची चंदी एकदम जास्त पडली की पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे हा शूळ जिवावर बेततो. उन्हाळ्यात राबणारे जनावर दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पिऊ शकते. वैरण महागली की पहिली काटछाट नालबंदाच्या फेरीत होते, कारण ती चुकली तरी घोडा दुसऱ्या दिवशी चालताना दिसतो.

मुंबईत २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्यांची हौसेची सफर बेकायदा ठरवली. त्या घोड्यांचे तबेले आणि त्यांचे हाल पाहता तो निकाल योग्यच होता. मात्र बंदीने व्हिक्टोरिया थांबली, घोडा सांभाळण्याची शिस्त काही आली नाही. महाबळेश्वर, माथेरान, पाचगणीचे टेबललँड इथे घोडे चालूच राहणार आहेत. भीमथडीच्या तट्टाला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या तट्टाच्या खुराला हात लावणारा माणूस जवळपास सापडेल, याची हमी कुणी दिलेली नाही.

ती हमी स्थानिक संस्थांनी द्यावी. घोड्याचा परवाना नव्याने देताना खूर, पाठ आणि दात यांची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद परवान्यावर असावी. घोडातळावर सावली आणि वाहते पाणी हवे. आयटीआयमध्ये वेल्डर आणि फिटर घडतात, तिथे नालबंदीचा अभ्यासक्रम चालवणे अवघड नाही. लष्कराच्या मेरठच्या केंद्रात हे काम रीतसर शिकवले जाते. आणि प्रमाण काय ठेवावे, हे सतराव्या शतकात ठरलेले आहे: पंचवीस घोड्यांमागे एक.

पर्यटकानेही दोन गोष्टी कराव्यात. बसण्यापूर्वी खोगीर उचलून पाठ दाखवायला सांगावे आणि घोडा चारही पायांवर सारखा भार देतो का, हे त्याला दहा पावले चालवून पाहावे. पाठीवर ओली जखम असेल किंवा चाल लंगडी असेल, तर भाव न करता नकार द्यावा आणि नकाराचे कारण घोडेवाल्याला स्पष्ट सांगावे. वजन ७० किलोंच्या वर असेल, तर लहान चणीच्या तट्टावर बसूच नये. मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून माथेरानच्या बाजारपेठेपर्यंतची वाट जेमतेम तीन किलोमीटरची आहे, सावलीची आहे आणि पायी जाता येते.