लकव्याला दैव म्हणणे थांबवा!

रावेर-यावलच्या केळीबागेत पन्नाशीचा मजूर भरदुपारी कोसळतो, तोंड वाकडे होते आणि गाव म्हणते, 'अंगावरून वारं गेलं.' धुळ्यात यंत्रमागावरचा कामगार छातीला हात लावून खाली बसतो. कागदावर कारण येते, 'हृदय बंद पडून मृत्यू'. जणू हृदय चालू असतानाही कोणी मरतो! दहा-दहा वर्षे कोणी न मोजलेले बीपी मात्र त्या कागदावर कुठेच नसते. 2020 साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. मग रक्तदाबाचे बळी कोणत्या थरात वाढताहेत, हे सरकार कोणत्या तोंडाने सांगणार?

बीपी हा शेठ-सावकारांचा रोग, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने 86 गावांतले मृत्यू तपासले. सातातला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला, आणि मृत्यूच्या कारणांत तेच पहिले! डॉ. अभय बंग यांच्या आदिवासी आरोग्य समितीने 2018 मध्ये सांगितले की, दर चार प्रौढ आदिवासींत एकाला उच्च रक्तदाब आहे. आपला रक्तदाब ठाऊक असणारे पुरुष शंभरात पाच, बाया नऊ. चोपडा-शिरपूरच्या पाड्यांवरचे पावरा-भिल्ल कोणत्या कवचात जन्मले आहेत?

आणि इलाज काय दुर्मिळ आहे? अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चहाच्या कटापेक्षा स्वस्त पडते. केंद्राच्या रक्तदाब मोहिमेने पहिल्या टप्प्यात राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा घेतले. महिन्याची गोळी एकदम द्यायची, न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करायचा, एवढी साधी रीत. खानदेश त्या यादीत नव्हता, आणि आमच्या पुढाऱ्यांपैकी कोणाला त्याची लाज वाटल्याचे ऐकिवात नाही! दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब आखाजीच्या सुमारास परतते. मधल्या महिन्यांची गोळी त्याला कोणी द्यायची? मुकादमाने?

जळगाव आणि धुळे जिल्हा परिषदांनी उत्तर द्यावे. तालुक्यागणिक आणि समाजगटागणिक किती जणांचे बीपी मोजले, किती जणांचे आटोक्यात आले, किती मेले, हा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा. ऊसतोड्याच्या गाठीला सहा महिन्यांच्या गोळ्या बांधा. आणि मतदारांनो, दारात येणाऱ्या उमेदवाराला सभामंडपाआधी बीपीच्या यंत्राविषयी विचारा.